‘सारखा’ दिसला की उपमा?

रंकाळ्यावर फिरायला गेलो की कुणी ना कुणी पालक गाठतातच. “सर, पोरानं अलंकार सगळे पाठ केलेत. व्याख्या विचारा, घडाघडा म्हणतोय. मग पेपरात चुकतंय कुठं?” सातवी-आठवीला मराठी शिकवतो म्हटल्यावर हे आलंच. त्यांना सांगतो तेच इथं सांगतो, घात करते ती खूण.

खूण म्हणजे आम्हीच दिलेली गुरुकिल्ली. ‘सारखा, जसा, समान’ दिसलं की उपमा. ‘जणू, भासे, गमे’ दिसलं की उत्प्रेक्षा. माझ्याकडच्या एका मुलानं ‘आई सारखी ओरडते’ या वाक्यापुढं बिनदिक्कत उपमा लिहिलं. उपमेय, म्हणजे जिची तुलना करायची ती, आई. उपमानाची, म्हणजे जिच्याशी तुलना करायची तिची, जागा मात्र रिकामी. बिचाऱ्याला सापडलंच नाही. सापडणार कुठून? ही ‘सारखी’ उठता-बसता वाली. आधी मी हसलो, मग ओशाळलो. किल्ली मीच दिली होती की!

तेव्हापासून फळ्यावर मिसळ येते. ‘हा कट जाळासारखा लाल आहे’: कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, उपमेय, जाळ उपमान, लाली दोघांतलं साधर्म्य. ही उपमा. ‘हा कट जणू जाळच!’ इथं बोलणाऱ्याला क्षणभर तसंच वाटलंय, म्हणून उत्प्रेक्षा. ‘हा कट म्हणजे साक्षात जाळ’ म्हटलं की दोघं वेगळे उरलेच नाहीत, रूपक. आणि घाम पुसत कुणी म्हणालं, “कट न्हवं ओ ह्यो, जाळ हाय!” तर कट नाकारून जाळच खरा ठरवला, ती अपन्हुती. नाव जडच आहे, पण असली वाक्यं गल्लीत रोज कानावर पडतात. अतिशयोक्ती मी शिकवायच्या भानगडीत पडत नाही. कोल्हापूरच्या पोराला ती शिकवायची म्हणजे पंचगंगेला पूर कसा आणायचा ते समजावण्यासारखं आहे.

निवेदक, म्हणजे गोष्ट सांगणारा, ओळखणं तसं सोपं आहे. गोष्ट ‘मी’नं सुरू झाली की मुलं डोळे झाकून ‘लेखक म्हणतात’ लिहितात. मग त्यांचीच निबंधाची वही काढायला लावतो. ‘फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त’ कुणी लिहिलं? तू. त्यातला ‘मी’ कोण? छत्री. झालं, निवेदक छत्री, लेखक तू. मध्यवर्ती कल्पना विचारल्यावर अख्खी गोष्टच पुन्हा सांगायची खोड मात्र जाता जात नाही. त्यावर माझ्याकडंही अजून मिसळ नाही.

परवा त्याच मुलानं घरून एक वाक्य आणलं: ‘आई सारखी म्हणते, बाबांसारखा वागू नकोस.’ पहिली ‘सारखी’ त्यानं बरोबर बाजूला काढली. दुसरीत उपमा आहे का, यावर वर्ग पेटला. बाबा उपमान आहेत, हे सगळ्यांना मान्य. पण आईला तर साधर्म्यच नकोय! घंटा झाली तरी भांडण मिटलं नव्हतं.