जिममधे बारवरचं वजन कधी वाढवायचं? नवीन ब्लॉकचा प्लॅन आणि आत्तापर्यंतचं लॉग

डीलोडचा (मुद्दाम हलका व्यायाम करून शरीराला आराम द्यायचा) आठवडा झाला, नवीन ब्लॉक म्हणजे व्यायामाचा काही आठवड्यांचा टप्पा सुरू झाला आणि प्लॅन आता नीट बसलाय म्हणून अपडेट टाकतेय. सोमवार-बुधवार-शुक्रवार फुल बॉडीच (दर वेळी सगळ्या शरीराचा व्यायाम) ठेवलंय, स्प्लिटचा (दर दिवशी शरीराचा वेगळा भाग) मोह होतोच पण कामामुळे एखादा दिवस हुकला तरी फुल बॉडीत पाय किंवा पाठ आठवडाभर कोरडी जात नाही, माझ्यासाठी हा फायदा फार मोठा आहे.

यावेळी सगळ्यात जास्त डोकं लावलं ते वजन कधी वाढवायचं यावर. दोन्ही बाजूंना 1.25 ची प्लेट लावली की बारवर 2.5 किलो वाढतात, 80 किलोच्या डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलणं) ही वाढ जेमतेम 3 टक्के, पण 25 किलोच्या ओव्हरहेड प्रेसला (खांद्यापासून डोक्यावर बार ढकलणं) तीच वाढ सरळ 10 टक्के होते! म्हणजे प्रेस सारखी अडकते त्यात खांद्यांचा काही दोष नाही, उडीच मोठी आहे. म्हणून स्क्वॉट आणि डेडलिफ्टला 5 रेप्सचे सेट (एका दमात 5 वेळा उचलणं म्हणजे एक सेट) आणि दर आठवड्याला थोडं वजन, हा साधा हिशोब चालू ठेवलाय, आणि प्रेस, बेंच (आडवं पडून बार छातीवरून वर ढकलणं), रो (वाकून बार पोटाकडे ओढणं) या तिघांना डबल प्रोग्रेशन लावलंय, म्हणजे आधी रेप्स वाढवायच्या, मग वजन. 8 ते 12 रेप्सची रेंज, 3 सेट, तिन्ही सेटमधे फॉर्म न बिघडता 12 आले की मगच 2.5 किलो वाढवायचे आणि परत 8 वर यायचं, तोपर्यंत वजनाला हात लावायचा नाही.

आता खरी मजा ऐका. ब्लॉकच्या सुरुवातीला प्रेस 25 किलोवर 9, 8, 8 अशी होती, आता 11, 10, 9 आहे. बारवर एक ग्रॅमही वाढलेला नाही पण एकूण रेप्स 25 च्या 30 झाल्या, म्हणजे काम 20 टक्के जास्त! हे नुसतं वजन लिहून कधीच दिसलं नसतं, त्यामुळे वहीत प्रत्येक सेटच्या रेप्स वेगळ्या लिहा आणि शेजारी अजून किती निघाल्या असत्या तेही लिहा. मी 1-2 शिल्लक ठेवून थांबते, आणि दोन सेटच्या मधे 2-3 मिनिटं पूर्ण विश्रांती घेते कारण घाईत घेतलेल्या सेटच्या रेप्सची मागच्या आठवड्याशी तुलनाच करता येत नाही.

कार्डिओचं फार काही नाही, मंगळवार-गुरुवार-शनिवार 50 मिनिटं भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनातली आठवड्याची किमान 150 मिनिटं यात भरतात. रविवार सुट्टी.

नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी एकच, सुरुवातीला ताकद भराभर वाढते ती बरीचशी मज्जासंस्था शिकते म्हणून, स्नायूबंध मात्र स्नायूंपेक्षा हळू तयार होतात, तेव्हा सोपं वाटतंय म्हणून प्लॅनच्या पुढे पळू नका.

प्रेस 27.5 वर गेली की पुढचं लॉग टाकते. अर्ध्या किलोच्या प्लेट कुणी वापरत असेल तर प्रेसला त्याने कितपत फरक पडला ते नक्की सांगा, मी घ्यायच्या विचारात आहे.