मागच्या पानावरची बारीक अक्षरं

पहाटे साडेपाचला मालकांनी दाराबाहेर हॉर्न वाजवला, एकदाच आणि तोही चोरासारखा. गाडीमागे रिकामा ट्रेलर, पुढच्या सीटवर कॅटलॉग, आणि कॅटलॉगात खुणेसाठी घातलेले सुतळीचे तुकडे. "पुढची पानं मी वाचलीयत, तू मागची वाच." झालं, एवढंच बोलणं.

मी त्यांच्या फार्मचे हिशेब बघते, स्कॉटलंडच्या पर्थशायरमधल्या आणखी दोन फार्मचेही. गुरांतलं मला कळतं ते एवढंच की कुठला कागद कुठल्या फाइलला लावायचा. तरी फेब्रुवारीतल्या स्टर्लिंगच्या वळूविक्रीला ते मला सोबत नेतात. गिनीचा, म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश नाण्याचा, हिशेब तोंडी करणारं माणूस जवळ असलेलं बरं, असं ते म्हणतात. यंदा मात्र मला नेण्याचं कारण वेगळं होतं, आणि ते मागच्या पानांतच होतं. त्यावर येते.

ही विक्री पूर्वी पर्थला भरायची. पर्थची वळूविक्री म्हणजे एकेकाळी जगाचं दुकान. अर्जेंटिना, अमेरिका, कुठून कुठून गिऱ्हाईक यायचं. २००९ पासून ती स्टर्लिंगला हलली. आता मोटरवेच्या कडेला मोठी पत्र्याची शेड, भलामोठा वाहनतळ, आणि धुकं विरलं की समोर किल्ला. जुनी माणसं अजून चुकून "पर्थला चाललोय" म्हणतात. मालकही म्हणतात.

आम्ही पोचलो तेव्हा धुण्याच्या जागेवर गर्दी उसळली होती. हे दृश्य मला सगळ्यांत आवडतं. आठ-नऊशे किलोचा काळाभोर अबर्डीन-अँगस जातीचा वळू, नाकात कडी, आणि त्याच्या पोटाखाली वाकून एक पोरगी साबण लावतेय. मग मोठाले ब्लोअर. केस उलटे विंचरायचे, वाळवायचे, पुन्हा विंचरायचे, पाठीची रेघ कात्रीने सरळ करायची. एखाद्याची शेपटी जरा वर लागलेली असली तर तिथले केस असे कापतात की नजरेला कळू नये. शेडभर शाम्पू आणि शेण यांचा एकत्र वास. लग्नघरात नवरीची खोली असते ना, तसंच. फक्त इथे नवऱ्याची चाललेली असते.

आदल्या दिवशी प्रदर्शन होऊन गेलेलं असतं. एक परीक्षक बोलावतात, तो वयाच्या गटांत नंबर लावतो, मग जेत्यांतून जेता. त्या रंगीत फितीने दुसऱ्या दिवशीच्या बोलीत काय फरक पडतो ते आकड्यांत सांगणं कठीण, पण पडतो. परीक्षक बघतो ते चालणं, पाय, पाठीची लांबी, मागच्या मांड्या. थोडक्यात, डोळ्यांत भरणारा वळू.

कॅटलॉग मात्र दुसरीच भाषा बोलतं. तिथे प्रत्येक वळूच्या नावाखाली बाप, आई, आज्या, पणजे यांची वंशावळ, आणि तिच्याखाली आकड्यांचा तक्ता. हे आकडे म्हणजे ईबीव्ही, अंदाजे पैदासमूल्य. वासरू सहज जन्मेल का, जन्मताना वजन किती, २०० दिवसांचं वजन, ४०० दिवसांचं, पाठीच्या स्नायूची जाडी. हिशेबाच्या माणसाला यात एक गंमत आहे. समजा एका वळूचा ४०० दिवसांचा आकडा +९० आणि दुसऱ्याचा +६०. फरक ३०. पण वासराला बापाकडून निम्माच हिस्सा मिळतो, म्हणून वासरांत सरासरी फरक १५ किलोचा. शेजारी अचूकतेची टक्केवारी असते, तिकडे कुणी बघत नाही. पोरं झालेली नाहीत अशा तरुण वळूची अचूकता कमीच असणार. म्हणजे ज्या प्राण्याबद्दल आपल्याला सर्वांत कमी माहिती, त्याच्यासाठीच आपण हात वर करतो.

आमच्या मालकांना कालवडींसाठी वळू हवा होता. पहिलटकरणीला मोठं वासरू नको, रात्री दोनला ओढून काढावं लागतं. अँगसची वासरं लहान जन्मतात, आणि भुंडी असतात. आई शिंगाची असली तरी वासरू भुंडंच, कारण शिंग नसण्याचा गुण प्रबळ. पण खरी गोम कागदात आहे. ही गुरं दुधाची नाहीत, मांसाची. दुकानात "अबर्डीन-अँगस" म्हणून जादा भावाने मांस विकायचं तर जनावराचा बाप नोंदणीतला हवा आणि त्याची नोंद जनावराच्या पासपोर्टवर हवी. हो, पासपोर्ट. वासराच्या कानात २० दिवसांत बिल्ले पडायला हवेत आणि २७ दिवसांत पासपोर्टचा अर्ज जायला हवा. माझं मार्च-एप्रिल त्यातच जातं. तेव्हा काळा असणं पुरेसं नाही, काळं पांढऱ्यावर उतरलेलं असायला हवं.

ही नोंद कुठून सुरू झाली ते मला फार आवडतं. अँगसच्या वंशपुस्तकाचा पहिला खंड १८६२ चा. त्यात पहिल्या क्रमांकाचा वळू ओल्ड जॉक, कीलरच्या ह्यू वॉटसन यांचा. त्यांचीच ओल्ड ग्रॅनी ही गाय पस्तीस वर्षं जगली आणि तिला २९ वासरं झाली असं सांगतात. पैदासकारांची संस्था १८७९ ची. म्हणजे आधी पुस्तक आलं, मग संस्था. हिशेबनिसाला हा क्रम पटतो. आणि नावांची रीत बघा: वासराचं नाव आईच्या नावाच्या आद्याक्षराने सुरू व्हायचं. एरिकाची लेक 'ई'ची, तिची नातही 'ई'ची. बापाचा पत्ता वंशावळीत, पण नाव चालतं आईचं.

रिंगणात लाकडाचा भुसा पसरलेला. वळू आत आला की वजन फलकावर झळकतं. लिलावदार आधी चढा आकडा फेकतो, कुणी हलत नाही, मग खाली खाली येतो, कुठेतरी एक भुवई हलते, आणि तिथून बोली वर चढू लागते. हात कुणी वर करत नाही. मी तीन वर्षांत अजून एकदाही धड ओळखू शकले नाही की मालक बोली लावताहेत की नाक खाजवताहेत.

बोली पौंडांत नाही, गिन्यांत. गिनीचं नाणं व्यवहारातून जाऊन दोनशे वर्षं झाली, पण वळू अजून गिनीतच विकला जातो. एक गिनी म्हणजे एक पौंड पाच पेन्स. पौंड विकणाऱ्याचा आणि वरचे पाच पेन्स लिलाव करणाऱ्याचे, अशी त्याची जुनी फोड सांगतात. त्यावर २० टक्के व्हॅट वेगळा. म्हणजे पाच हजार दोनशे गिन्या हे ऐकायला पाच हजार दोनशे, हिशेबात ५,४६०, आणि त्या दिवशीच्या बिलावर ६,५५२. व्हॅट पुढे परत मिळतो, पण पहिल्या वर्षी मी ते बिल बघून खुर्ची ओढून बसले होते.

गिन्यांवरून इव्हल्सची गोष्ट आलीच पाहिजे. फेब्रुवारी १९६३, पर्थ. लिंडर्टिस इव्हल्स नावाचा अँगस वळू अमेरिकन गिऱ्हाइकांनी ६०,००० गिन्यांना घेतला. त्रेसष्ट हजार पौंड, १९६३ चे! त्या काळी बाजाराला बुटके, गोल, जमिनीसरशी वळू हवे होते, आणि पैदासकारांनी मागणीपुढे मान तुकवत जात आखूड करत नेली होती. इव्हल्स त्या आवडीचं शिखर. पुढे त्याची तपासणी झाली, आणि तो प्रजननक्षम नाही असं निघालं. मालक ही गोष्ट दर वर्षी सांगतात, रिंगणाच्या त्याच पायरीवर बसून, आणि शेवटी दर वर्षी स्वतःच हसतात. १९६१ मध्ये फ्रान्समधून शॅरोले वळू इंग्लंडात उतरले होते, १९७१ मध्ये लिमुझिन जातीचे आले. उंच, लांब, मांसल. शेतकरी तिकडे वळला आणि अँगसला पुन्हा वाढवत आणायला पुढे कित्येक वर्षं गेली. भावाचा कळस म्हणावा तर आता लिमुझिनकडे: २०२१ च्या जानेवारीत कार्लाइलला विलॉज पॉशस्पाइस नावाची कालवड अडीच लाख गिन्यांना गेली. लिमुझिनमध्ये नाव जन्मवर्षाच्या अक्षराने सुरू होतं, आणि 'पी' २०१९ चं अक्षर. पॉशस्पाइस!

दोन वर्षांपूर्वी मीही इव्हल्सवर हसले होते. मग मार्चच्या अखेरीस एका दुसऱ्याच विक्रीतून आम्ही एक वळू आणला. गोरागोमटा म्हणता आला नाही तरी तसाच, चकचकीत, गुबगुबीत, फितीवाला. मे महिन्यात आमच्या डॉक्टरांनी म्हटलं, गाईंत सोडण्याआधी वीर्यतपासणी करून घ्या, नव्या वळूंत पाचांत एक तरी कमी पडतो. मी खर्च वाचवायला निघाले. म्हटलं, विक्रीआधी तिथल्या डॉक्टरांनी बघितलाय की. त्यांनी बघितले होते पाय, डोळे, दात, अंडकोष. वीर्य काढून सूक्ष्मदर्शकाखाली कुणीच बघितलं नव्हतं. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या आहेत हे छापलेलं होतं. मागच्या पानावर, बारीक अक्षरात.

जूनमध्ये वळू बावीस गाईंत सोडला. ऑक्टोबरच्या आठ तारखेला गाभण तपासणी. डॉक्टर एकेका गाईमागे उभे राहून पडद्यात बघत आकडा सांगत होते आणि मी वहीत फुल्या मारत होते. आठ गाभण. चौदा रिकाम्या. शेवटच्या पाच-सहा गाईंना मालक गोठ्यात थांबलेच नाहीत, कुंपण दुरुस्त करायला गेले. कुंपणाला काही झालेलं नव्हतं.

डॉक्टरांनी मग समजावलं. विक्रीसाठी खुराक देऊन देऊन फुगवलेल्या वळूच्या अंडकोषाच्या मुळाशी चरबी साठते, तिथला गारवा जातो, बीज बिघडतं. नवं बीज तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, म्हणून आणल्याबरोबर खुराक तोडायचा नाही आणि लगेच कामालाही लावायचा नाही. हळूहळू उतरवायचा. निदान साठ टक्के बीज पुढे धावणारं हवं. आमच्याचं तिसाच्याही खाली होतं.

मी कॅटलॉग शोधायला माळ्यावर गेले. अट होती: वळू फळत नसेल तर विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत लेखी कळवावे. विक्री २९ मार्चची. आज ८ ऑक्टोबर. नऊ दिवस. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. विकणाऱ्याला फोन केला तर तो माणूस बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, सहा महिने म्हणजे सहा महिने. चूक त्याची नव्हती, असं मला आजही मनापासून म्हणता येत नाही, पण कागदावर तो बरोबर होता. आणि कागद माझं खातं. मालक मला एका शब्दाने बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तर यंदा मी रिंगणाच्या पायरीवर कॅटलॉग उलटं धरून बसले होते, मागून पुढे. मालकांचे पहिले तीन पसंतीचे वळू नऊ हजारांच्या वर गेले. चौथा आला तेव्हा बाके अर्धी रिकामी, लोक चहाला गेलेले. लांबट, जरासा हाडकुळा, पाठीवर फीत नाही. पण वासरू सहज जन्मण्याचा आकडा चांगला, अंडकोषाचा घेर अडतीस सेंटिमीटर, आणि वीर्यतपासणीचा दाखला जोडलेला. मी दाखल्यावर बोट ठेवलं. मालकांनी नाक खाजवलं. या वेळी ती बोली होती.

पाच हजार दोनशे. मी मनात भागाकार केला: चार हंगाम, हंगामाला पस्तीस गाई धरल्या तर १४० वासरं, वासरामागे ३९ पौंड. पहिल्या हंगामात त्याला वीसच गाई द्यायच्या आहेत, म्हणजे आकडा थोडा चढेल. तो पुढे सावकाश मांडेन.

गोठ्यात विकणाऱ्या बाई वळूची मान खाजवत उभ्या होत्या. मालकांशी हस्तांदोलन करताना त्यांनी मुठीत पन्नासाची घडी सरकवली. नशिबाचे पैसे. विकणाऱ्याने घेणाऱ्याला थोडे परत द्यायचे, म्हणजे जनावर लाभतं. मी दर वेळी विचारते की हे कुठल्या खात्यावर टाकू, आणि दर वेळी मालक म्हणतात, "कुठल्याच नाही." मी टाकतेच.

परत येताना अंधार पडला होता. मी मोबाइलच्या उजेडात अटी मोठ्याने वाचत होते, ते मधूनमधून "पुन्हा" म्हणत होते. मुदतीची तारीख मी फोनमध्ये घातली, डायरीत घातली, आणि घरी फ्रीजवर चिकटवली. तशीच एक चिठ्ठी त्यांना दिली, त्यांच्या फ्रीजसाठी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोचा फोन आला: ऑगस्टमध्ये नेमका कुणाचा वाढदिवस आहे, केक सांगून ठेवायचाय.