पाच नर, वीस माद्या

दिवाळीनंतर एका मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष माझ्या मत्स्यबीज केंद्रावर आले. म्हणाले, "बीज तुमच्याकडूनच नेतो, पण रोहू वाढूनच नाही राहिला जी." मला आधी खाद्याचा संशय आला, मग पाण्याचा. त्याच आठवड्यात बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) मोजताना वाकड्या कण्याची, कल्ल्याचं झाकण अर्धवट असलेली पिल्लं दिसली. प्रत्येक घमेल्यात दोन-चार. रात्री जुन्या वह्या काढल्या.

नऊ वर्षांत बाहेरून एकही प्रजनक मासा आणला नव्हता. दर पावसाळ्यात वीस माद्यांमागे पाचच नर, कारण तेवढ्यांनी काम भागायचं. वाणाची विविधता टिकवायला आपले मासे खरे किती भरतात, हा हिशेब प्रत्येक बीज उत्पादकाने करून बघावा. नर आणि माद्यांचा गुणाकार चौपट करायचा, त्याला दोघांच्या बेरजेने भागायचं. माझे पंचवीस मासे या हिशेबात फक्त 16 भरले. इतक्या लहान संख्येत अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातलं प्रजनन, पिढीमागे तीन टक्क्यांहून जास्त वाढतं. वीस माद्यांना वीस नर दिले असते तर संख्या 40 झाली असती आणि वाढ सव्वा टक्क्यावर राहिली असती.

दुसरी चूक त्याहून मोठी. पुढच्या पिढीसाठी मी तळ्यातले सर्वांत मोठे मासे राखायचो. मोठे कोण निघायचे? हंगामात प्रजननासाठी दिलेल्या पहिल्या इंजेक्शनच्या लॉटमधले! महिनाभर आधी जन्मले म्हणून मोठे. चांगलं वाण निवडतोय असं समजून मी सख्खी भावंडं जपत होतो.

निवड करणं वाईट नाही. भुवनेश्वरजवळ कौशल्यगंगा इथल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेत (CIFA) 1992 मध्ये नॉर्वेच्या साहाय्याने रोहूची निवड सुरू झाली, तेव्हा गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज आणि गोमती या नद्यांतले रोहू आणून संस्थेच्या तळ्यातल्या माशांबरोबर पाया घातला. प्रत्येक जोडीची पिल्लं वेगळी वाढवली, मग ओळखीची चिप टोचून एकत्र सोडली. त्या रोहूची वाढ पिढीमागे सरासरी 17 टक्क्यांच्या आसपास सुधारली. 1997 मध्ये, स्वातंत्र्याच्या पन्नाशीत, तो 'जयंती' नावाने बाहेर आला. पाया रुंद होता म्हणून निवडायला काही उरलं होतं. माझ्याकडे तेच संपलं होतं.

जुने प्रजनक विकायला हात धजत नव्हता. त्यातल्या काही माद्या मी अंगावरच्या खुणेवरून ओळखायचो. तरी विकल्या. भुवनेश्वरहून जयंतीचे मत्स्यजिरे (नुकती जन्मलेली पिल्लं) ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून आणले, वाटेत पाणी तापू नये म्हणून रात्रीचा प्रवास केला. दुसऱ्या एका केंद्राशी नरांची अदलाबदल केली. आणि मग थांबलो. हा भाग सर्वांत कठीण. मासे वयात येईपर्यंत स्वतःचं रोहूचं बीज विकायचं नाही, म्हणजे पावसाळ्यातली कमाई सोडायची. घरात त्यावरून बोलणी झाली, आणि ती चुकीची नव्हती.

प्रत्येक प्रजनकाच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचली. कोणता नर कोणत्या मादीबरोबर ठेवला ते वहीत लिहिलं. आता राखणीचे मासे सगळ्या तळ्यातून निवडत नाही, प्रत्येक लॉटमधून थोडे-थोडे घेतो.

या जुलैत बावीस माद्या आणि बावीस नर वापरले. प्रत्येक लॉटचा हापा, म्हणजे पाण्यात बांधलेली जाळीची पेटी, वेगळा. अध्यक्षांना बीज दिलं ते चार लॉट मिसळून. जाळं ओढाल त्या दिवशी मला निरोप द्या, असं सांगितलंय. वजनकाटा घेऊन मीच जाणार आहे.