आमची वाटचाल : बंद अ‍ॅम्पवर चाललेलं दुकान

'अ‍ॅम्प चालू होत नाही' म्हणून जी गाडी आमच्याकडे येते, तिच्यातला अ‍ॅम्प (म्युझिकचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बिघाड असतो वायरीत. हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं, ही आमच्या दुकानाची पहिल्यापासूनची रीत. त्यापायी दुकान बुडायची वेळ आली होती, ती हकिगत पुढे येईलच.

सुरुवात दोघांनी केली. भागीदार टेबलावर, मी गाडीत. त्याचा हात सोल्डरिंगवर बसलेला, माझा वायरिंगवर. बोर्ड उघडला की सप्लाय चालवणाऱ्या टीएल ४९४ या आयसीच्या बाराव्या पिनवर सप्लाय येतोय का, चौदाव्या पिनवर ५ व्होल्ट आहेत का, एवढं बघून आयसी जिवंत की मेलेला हे तो बोलता बोलता सांगायचा. सप्लायचा एक मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट निघाला तरी अख्खी रांग काढून एकाच लॉटचे नवे टाकायचा. मॉसफेटच्या गेटचे, म्हणजे त्याला इशारा देणाऱ्या पिनचे, रेझिस्टर मोजल्याशिवाय बोर्डाला सप्लाय नाही म्हणजे नाही. आणि दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना मेन लाइनमध्ये हेडलाइटचा बल्ब सिरीजला. बल्ब लखकन पेटून तसाच राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. क्षणभर चमकून मंद झाला की पोरांनी श्वास सोडायचा. तो होल्डर अजून टेबलावर आहे. जळून काळा पडलाय, पण मी कोणाला बदलू देत नाही.

माझी हत्यारं साधी. मल्टिमीटर, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) दाबायची पक्कड, पॉलिश पेपर आणि २१ वॅटच्या ब्रेकलाइटच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. हल्लीची पोरं या लॅम्पला हसतात. त्यांना हसू दे. मीटर करंट घेतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे वायरीची एकच गंजलेली तार धरून राहिली असली तरी तो १२ व्होल्ट दाखवून मोकळा होतो. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्याच्यापुढे लबाडी चालत नाही.

मग आमच्याच रस्त्यावर ते मोठं दुकान आलं. नाव घेत नाही. काचेचा दरवाजा, भिंतभर वूफर, वर 'अ‍ॅम्पसोबत वायरिंग किट फुकट' असा बोर्ड. किटमधली वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच करंट वाहून नेतं, म्हणजे त्याच अ‍ॅम्पला वायर जाड हवी. यांची उलट बारीक, वरचं प्लॅस्टिक तेवढं जाड. अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडायची मायनसची वायर, सीटच्या बोल्टखाली, तोही रंग न खरवडता. फ्यूज उडाला की त्याहून मोठा फ्यूज. आणि अ‍ॅम्प बंद पडला की ठरलेलं उत्तर: 'गेला, नवीन घ्या, जुना आम्ही एक्स्चेंजमध्ये घेतो.' ते 'गेलेले' अ‍ॅम्प पुढच्या महिन्यात त्यांच्याच शोकेसमध्ये सेकंडहँड म्हणून चालू दिसायचे. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, दोन अ‍ॅम्पवर तर आमच्याच मार्करच्या खुणा होत्या.

गिऱ्हाइकांचंही काय सांगावं! आम्ही अर्धा तास गाडीत वाकून शोधायचं की डेकच्या (गाडीतल्या म्युझिक प्लेअरच्या) निळ्या-पांढऱ्या रिमोट वायरीऐवजी, जी अ‍ॅम्पला चालू व्हायचा इशारा देते, कोणीतरी नुसती निळी जोडलीय, ती अँटेनाची, म्हणून रेडिओवर अ‍ॅम्प चालतो आणि पेनड्राइव्ह लावला की बंद. वायर बदलून दिली की गिऱ्हाईक म्हणणार, 'एवढंच होतं? मग पैसे कसले?' तोच माणूस तिकडे जाऊन नवा अ‍ॅम्प हसत हसत घेणार. खऱ्या निदानाला किंमत नाही आणि खोट्या निदानाला बिल!

त्यातच भागीदार फुटला. त्या मोठ्या दुकानाने पगार देऊ केला, हा गेला. जाताना गिऱ्हाइकांची वही पण गेली. मग त्यांनी बाजारात उठवलं की आमच्याकडे आता बोर्डाचा माणूस नाही, आणि आम्ही चांगले मॉसफेट काढून जुने टाकतो. दुकानभाडं थकलं, सामानवाल्यांनी उधारी बंद केली, शटर अर्धं खाली ओढून मी रात्री जुन्या बोर्डांवर हात बसवत होतो. भागीदाराला कमी लेखत नाही, जे शिकलो ते त्याच्याकडे बघूनच. पण वही न्यायची गरज नव्हती.

अशात काका आले. टूरिस्ट गाड्या त्यांच्या, पहिल्या गाडीपासूनचं आमचं गिऱ्हाईक. एका गाडीचा अ‍ॅम्प मेला म्हणून ड्रायव्हरने परस्पर तिकडे नेला, नवा बसवला. नवाही चालू होईना. 'पीस डिफेक्टिव्ह आहे' म्हणून दुसरा नवा बसवला, तोही बंद. मी विचारलं, "काका, जुना कुठाय?" म्हणाले, "त्यांनीच ठेवून घेतला की."

मीटर लावला. अ‍ॅम्पच्या मेनवर १२.५, रिमोटवर १२, फ्यूज बीप देतोय. इथवर कोणीही पोचतो. मग लॅम्प लावला, तर पेटलाच नाही. मीटर तसाच धरून ठेवला होता, काटे असते तर झोपलेच असते. १२.५ चे ३ व्होल्ट झाले. लॅम्पचा अर्थ थेट बॅटरीच्या मायनसला नेला, तरी तेच. म्हणजे अर्थ ठीक, दोष मेन लाइनमध्ये. बॅटरीजवळचा फ्यूज होल्डर उघडला. बाहेरून चकचकीत, आत थिंबलच्या मानेपाशी हिरवी बुकटी, आणि एवढ्या जाड वायरीची जेमतेम एक तार धरलेली. तेवढा भाग कापला, नवी थिंबल दाबली, होल्डर बदलला. हिरवा लाइट लागला. काकांनी नव्या अ‍ॅम्पकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ड्रायव्हरला अशा काही शिव्या दिल्या की इथे लिहिता येत नाहीत. त्यानंतर त्यांच्या सगळ्या गाड्या आमच्याकडे, वर्षाचं काम ठरवून, निम्मे पैसे आगाऊ. भाडं त्यातून फिटलं.

पुढची वर्षं बरी गेली.

या धंद्यात येणाऱ्यांना कोणी विचारलं नाही तरी सांगतो. भागीदारी कागदावर करा. चेकिंगचे पैसे बोनेट उघडायच्या आधी घ्या, दोष दोन मिनिटांत सापडला तरी परत करू नका. लाल (बिघाडाचा) लाइट लागलेला अ‍ॅम्प उघडायला घेण्याआधी स्पीकरच्या आणि आरसीएच्या (डेककडून आवाज आणणाऱ्या) वायरी काढून बघा, निम्मे तिथेच सुधारतात, कारण दारातली स्पीकर वायर बॉडीला टेकलेली असते. रिमोट वायर लावल्यावरच फ्यूज उडत असेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर आणि रेक्टिफायरचे डायोड बघा. रिमोट न लावताच उडत असेल तर उलट्या कनेक्शनपासून वाचवणारा डायोड आणि सप्लायचे मॉसफेट आधी मोजा. आणि एका डेकच्या रिमोटवर तीन अ‍ॅम्प आणि पंखा लादू नका, मध्ये रिले (थोड्या करंटवर चालणारा स्विच) टाका.

आता टेबलावर मुलगी बसते. तिने ऑसिलोस्कोप घेतला. मी विरोध केला होता, अजूनही थोडा आहे. पण गेटवरचा पल्स डोळ्यांना दिसतो हे खरं.

त्या मोठ्या दुकानातून हल्ली बंद बोर्ड आमच्याकडे दुरुस्तीला येतात. एक पोरगा पिशवीत घालून आणतो, कुठून आणला ते सांगत नाही. हीटसिंकवर त्यांचंच वॉरंटीचं स्टिकर असतं. आम्हीही विचारत नाही. चेकिंगचे पैसे आगाऊ घेतो. तसे सगळ्यांकडूनच घेतो, त्यांच्याकडून दोनदा मोजून घेतो.