घड्याळजी अण्णा

गेल्या महिन्यात साताऱ्यातले आमचे घड्याळजी अण्णा गेले. त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती आणि शेवटच्या आजारपणाचे काही आठवडे सोडले, तर दुकानात बसणे त्यांनी कधी थांबवले नव्हते. त्यांच्याविषयी सविस्तर लिहिले पाहिजे असे मला तेव्हापासून वाटत आहे, कारण अंत्ययात्रेला आलेल्या लोकांपैकी निम्म्यांना ते फक्त माजी सैनिक म्हणून ठाऊक होते आणि निम्म्यांना फक्त घड्याळजी म्हणून. मला मात्र ही दोन आयुष्ये कधी वेगळी वाटली नाहीत.

सातारा जिल्ह्यात सैन्यात जाणे नवलाचे नाही. अपशिंगे गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचाच जोडला गेला आहे. अण्णांच्या बरोबरीची बहुतेक मुले पायदळात गेली. अण्णा मात्र 1950 च्या दशकाच्या अखेरीस ईएमईत, म्हणजे सैन्याच्या ‘इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स’ या दलात, भरती झाले. 15 ऑक्टोबर 1943 रोजी स्थापन झालेले हे दल सैन्याच्या वाहनांपासून रणगाड्यांपर्यंत सगळ्याची देखभाल आणि दुरुस्ती करते. ‘कर्म ही धर्म’ हे त्याचे ब्रीदवाक्य, आणि शिपायाच्या जागी तिथे ‘क्राफ्ट्समन’ हा हुद्दा असतो. सिकंदराबादच्या प्रशिक्षणानंतर अण्णांच्या वाट्याला आली ती उपकरणांची दुरुस्ती, म्हणजे दुर्बिणी, होकायंत्रे, तोफांच्या साइट (नेम धरण्याची भिंगे) आणि सैन्याची घड्याळे. पुढे ते हवालदार म्हणून निवृत्त झाले.

1965 च्या भारत-पाक युद्धात, सप्टेंबरमध्ये, ते पंजाबातल्या खेमकरण भागात तोफखान्याच्या एका रेजिमेंटबरोबर होते. तिथली असल उत्तरची लढाई 8 ते 10 सप्टेंबरच्या दरम्यान झाली. शत्रूचे पॅटन रणगाडे तिथे मोठ्या संख्येने निकामी झाले, काही चालू स्थितीत हाती लागले, आणि नंतर ते भिखीविंडजवळ ओळीने उभे केले गेले. त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले. आम्ही मुले या रणगाड्यांच्या गोष्टी ऐकायला त्यांच्या दुकानात जात असू, आणि अण्णा आम्हाला धुळीविषयी सांगत. साइटच्या काचेवर बसणारी बारीक धूळ नुसत्या फडक्याने पुसली तर काचेवर ओरखडे पडतात, म्हणून ती आधी मऊ कुंचल्याने झटकावी लागते, आणि हे काम रात्री ताडपत्रीखाली, बॅटरीचा उजेड बाहेर जाऊ न देता करावे लागते. लहानपणी आम्ही त्यावर नाराज होत असू. आज वाटते, युद्धाची याहून खरी हकिकत मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेली नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी बाजारपेठेत एका जिन्याखाली दुकान थाटले. तो एचएमटीचा काळ होता. जपानच्या सिटीझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या कारखान्याची घड्याळे तोवर घराघरांत पोहोचली होती आणि शिक्षक, कंडक्टर, तलाठी अशा सगळ्यांच्या मनगटावर ‘जनता’ हे एचएमटीचे चावीचे घड्याळ दिसत असे. माझ्या वडिलांचे ‘जनता’ हातातून निसटून फरशीवर पडले, तेव्हा अण्णांनी ते माझ्यासमोर उघडले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचे झाकण काढले, चिमट्याने बॅलन्सचे, म्हणजे घड्याळाची गती राखणारे, चाक उचलून उजेडाकडे धरले आणि त्याच्या आसाचे मोडलेले टोक मला दाखवले. ते टोक केसाएवढेही जाड नव्हते. नवा आस बसवून, सगळी चाके पेट्रोलमध्ये धुऊन, चाकांची टोके ज्यांत फिरतात त्या प्रत्येक खड्याच्या जागी सुईच्या टोकाने तेलाचा कण ठेवून त्यांनी बॅलन्स परत बसवला, आणि सेकंदाला 5 ठोक्यांची ती टिकटिक पुन्हा सुरू झाली. मग झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी सुईने इवल्या अक्षरांत तारीख कोरली. त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक घड्याळात अशा तारखा आहेत.

कपाटातल्या मोडक्या घड्याळांचे सुटे भाग ते मोकळ्या हाताने वापरत, पण जुनी तबकडी रंगवून नवी करून देण्यास त्यांनी कायम नकार दिला. 2016 मध्ये एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय झाल्यावर पुण्या-मुंबईचे संग्राहक त्यांच्याकडे येऊ लागले. रंगवलेल्या तबकडीला चांगला भाव मिळतो, असे त्यांतल्या एकाने सांगितले, तेव्हा अण्णांनी त्याचे घड्याळ शांतपणे त्याच्यापुढे सरकवले. क्वार्ट्झ घड्याळांविषयी मात्र त्यांचा राग नव्हता. त्यांचे सेल ते तेवढ्याच काळजीने बदलत.

जवानांच्या घरून आलेल्या घड्याळाचे ते पैसे घेत नसत. एकदा एका वीरपत्नीने पतीच्या सामानाबरोबर परत आलेले घड्याळ आणले आणि ते बंदच ठेवावे का, असे विचारले. अण्णा उठून उभे राहिले आणि म्हणाले, “वहिनी, रोज चावी देत जा. नुसते ठेवले तर आतले तेल सुकते.” सांत्वनाचे शब्द त्यांना सुचत नसत असे काही जण म्हणतात, मला तसे वाटत नाही. त्या बाई पुढे दर दिवाळीच्या आधी ते घड्याळ साफ करायला आणत.

अण्णांचा नातू नोकरी सांभाळून दर शनिवारी दुपारी दुकान उघडणार आहे. दुरुस्त झालेली बरीच घड्याळे अजून खणात आहेत. ज्यांची असतील त्यांनी येऊन घेऊन जावीत. पावती हरवली असली तरी अडचण नाही. अण्णांच्या नोंदवहीत प्रत्येकाचे नाव, घड्याळाचा क्रमांक आणि त्यात नेमके काय बदलले हे लिहिलेले आहे.