गोळीचं घड्याळ आठ तासांनी चुकतं तेव्हा

फिट्सची गोळी घेऊन परदेशी निघालं की सगळ्यांना धाकधूक असते ती सिक्युरिटीची. खरं तर ते पाच मिनिटांचं काम. गोळ्या हँडबॅगेत, सिरप १०० मिलीच्या वर असेल तर ट्रेमध्ये वेगळं काढून ठेवायचं आणि डॉक्टरांचं पत्र हाताशी. पत्रात औषधाचं मूळ नाव हवं, कारण ब्रँडचं नाव सीमा ओलांडली की बदलतं. चेक-इन बॅगेत गोळ्या टाकणाऱ्यांचं मात्र मला नवल वाटतं. बॅग दुसऱ्याच शहरात उतरली तर रात्रीचा डोस कुठून आणणार?

खरा जाच घड्याळाचा. समजा, लेव्हेटिरासिटॅम ही फिट्सची गोळी सकाळी आठ आणि रात्री आठला घ्यायची आहे आणि विमान पश्चिमेला, घड्याळ आठ तास मागे असलेल्या देशात चाललंय. सकाळची गोळी घेऊन निघालं आणि रात्रीची 'तिथल्या आठला घेऊ' म्हटलं, तर मधे बारा नाही, वीस तास जातात. हे औषध मोठ्या माणसाच्या रक्तात सहा ते आठ तासांत निम्म्यावर येतं. वीस तासांनी पाव हिस्साही उरत नाही, त्यात रात्रभराचं जागरण. फिट यायला आणखी काय हवं? म्हणून विमानात मी निघाल्या गावचंच घड्याळ मानतो. उतरल्यावर गोळी तासा-दोन तासांनी सरकवत तिथल्या वेळेवर आणायची. किती सरकवायची, ते निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. पहाटे झोपेत हिशेब जमत नाही. लॅमोट्रिजिन ही फिट्सची दुसरी गोळी एकटीच चालू असेल तर एवढी ओढाताण नसते, तिला निम्म्यावर यायला साधारण दिवस लागतो. सोबत कार्बामाझेपिन हे फिट्सचंच औषध असेल तर मात्र ती बरीच लवकर उतरते.

आठवड्याचे कप्पे असलेली डबी मला प्रवासात अजिबात पटत नाही. सोडियम व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं औषध हवेतली ओल ओढून घेतं. स्ट्रिपबाहेर काढलेली गोळी दमट हवेत चिकट, मऊ पडते. शिवाय सुट्या गोळीवर तुमचं नाव नसतं, औषधाचंही नसतं. कस्टम्सवाल्याला सांगणार काय?

क्लोबाझाम, फेनोबार्बिटोन किंवा आणीबाणीसाठीचा मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे सोबत असेल तर प्रकरण वेगळं. ही नियंत्रित औषधं आहेत. संयुक्त अरब अमिरातीत अशा औषधांसाठी आधीच ऑनलाइन परवानगी काढावी लागते. मधल्या मुक्कामात विमानतळाबाहेर पडणार असाल तर त्या देशाचेही नियम लागू होतात, आणि नेमकं हेच तिकीट काढताना कुणी बघत नाही.

मलेरियाच्या भागात जाणार असाल तर मलेरिया टाळायची गोळी लिहून देणाऱ्याला फिट्सचं आधी सांगा. त्यातली मेफ्लोक्विन आपल्याला, म्हणजे फिट्स असलेल्यांना, चालत नाही.