ग्रहणाची वेळ आधी कशी कळते? तुम्ही विचारलंत म्हणून

ग्रहण जवळ आलं की शाळा-सोसायट्यांमधून मला बोलावणं येतं, आणि चष्मे वाटून होईपर्यंत कोणीतरी विचारतंच: "पन्नास वर्षांनंतरचं ग्रहण मिनिट-सेकंदासकट आत्ताच कसं सांगतात हो?" उन्हात उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने माझंच समाधान होत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सूर्यग्रहण अमावस्येलाच होतं, पण दर अमावस्येला होत नाही. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे आणि ती पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला दोन ठिकाणी छेदते. तेच राहू आणि केतू. अमावस्या त्यांच्यापैकी एकाजवळ पडली तरच चंद्राची सावली पृथ्वीवर येते, एरवी वरून किंवा खालून निघून जाते.

आता २२३ चांद्रमास, म्हणजे एका अमावस्येपासून पुढच्या अमावस्येपर्यंतचे महिने, मोजा. १८ वर्षं, ११ दिवस आणि साधारण ८ तास होतात. तेवढ्या काळात चंद्र राहूपाशी जवळजवळ नेमका २४२ वेळा येतो आणि पृथ्वीपासूनचं त्याचं अंतरही पहिल्यासारखं होतं. म्हणजे तसंच ग्रहण पुन्हा! या चक्राला सारोस म्हणतात आणि ते प्राचीन बाबिलोनच्या (आजच्या इराकमधल्या) निरीक्षकांनाही ठाऊक होतं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा, म्हणजे चंद्राची गडद सावली जिथून सरकते ती वाट, आपल्या कोकणातून देशावर गेला. तेव्हा ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला उपकरणं लावून होते आणि पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला जेऊरला. त्या तारखेपासून सारोसच्या सात फेऱ्या मोजल्या की आपण ८ एप्रिल २०२४ वर येतो, मेक्सिको-अमेरिकेतल्या खग्रास ग्रहणावर. विजयदुर्गचं ग्रहण आणि टेक्सासचं ग्रहण एकाच घराण्यातलं, हे सांगताना मला आजही तितकाच आनंद होतो. जागा बदलते ती त्या वरच्या ८ तासांमुळे. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते आणि पुढचं ग्रहण १२० अंश पश्चिमेला सरकतं.

पण सारोस फक्त "होणार" एवढंच सांगतो. तुमच्या गावात स्पर्श (ग्रहणाची सुरुवात) किती वाजता आणि मोक्ष (शेवट) किती वाजता, यासाठी सूर्य-चंद्राची नेमकी स्थानं लागतात. गणेश दैवज्ञांनी कोकणातल्या नांदगावी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' लिहून हे गणित ज्या-कोज्यांशिवाय (साइन-कोसाइनशिवाय) करून दाखवलं आणि महाराष्ट्रातली पंचांगं पिढ्यान्‌पिढ्या त्यावर चालली. सूर्यग्रहणात खरी मेहनत लंबनाची. चंद्र जवळ असल्यामुळे मुंबईहून आणि नागपूरहून तो आकाशात किंचित वेगळ्या जागी दिसतो, आणि तेवढ्यानेच वेळा बदलतात.

आज वापरतात ती पद्धत बेसेल या जर्मन गणितज्ञाची, १८२० च्या दशकातली. मला ती फार सुंदर वाटते. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारा, सावलीच्या अक्षाला काटकोनात असलेला एक सपाट पडदा त्याने कल्पिला. त्या पडद्यावर सावलीचा मध्य कुठे सरकतोय, गडद आणि विरळ सावलीची त्रिज्या किती आणि अक्षाची दिशा कोणती, एवढे मोजके आकडे दर क्षणाला काढायचे. हे आकडे साऱ्या जगासाठी एकच असतात. मग तुमच्या गावचे अक्षांश, रेखांश आणि उंची घालायची आणि गाव सावलीच्या कडेला कधी भिडतं ते सोडवायचं. चंद्राचं स्थान तर आता अपोलो मोहिमांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेसर सोडून काही सेंटिमीटरपर्यंत मोजतात.

मग अडतं कुठे? चंद्रापाशी नाही, आपल्या पृथ्वीपाशी. तिची फिरकी एकसारखी नाही. भरती-ओहोटीमुळे ती हळूहळू मंदावते आणि मधूनच थोडी कमी-जास्तही होते. इसवी सनापूर्वी १३६ मध्ये बाबिलोनला खग्रास ग्रहण झाल्याची नोंद मातीच्या विटांवर आहे. पृथ्वी तेव्हाही आजच्याच वेगाने फिरत होती असं धरून गणित केलं, तर तो पट्टा बाबिलोनच्या सुमारे ४९ अंश पश्चिमेला पडतो. हा फरक तीन तासांहून जास्त आहे. जुन्या नोंदी मला म्हणूनच मोलाच्या वाटतात. पृथ्वी किती मंदावली हे त्यांच्यावरूनच कळतं.

२ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त खग्रास स्थिती असेल, महाराष्ट्रातून खंडग्रास दिसेल. त्याच्या वेळांवर निर्धास्त विसंबा, कारण एवढ्या थोड्या वर्षांत फिरकीत पडणारा फरक क्षुल्लक आहे. याउलट १८९८ च्या घराण्यातलंच १६ जुलै २१८६ चं ग्रहण घ्या. त्यात खग्रास स्थिती कमाल ७ मिनिटं २९ सेकंद टिकेल, हे आज सांगता येतं. पण तोवर पृथ्वीचं घड्याळ किती मागे पडेल हे अंदाजानेच धरावं लागतं, आणि विषुववृत्तावर एका सेकंदाची चूक म्हणजे पट्टा जवळपास अर्धा किलोमीटर इकडे किंवा तिकडे.